मिनीबारमधलं दही

थांबा! दार उघडलंत तर उघडलंत, पण आत हात घालू नका. आधी माझं ऐकून घ्या. बाटली उचललीत की पैसे लागतात, आणि मग जो तो माझ्याच नावानं खडे फोडतो.

मी व्हिला नंबर अकराचा मिनीबार बोलतोय. हॉटेलच्या खोलीत टीव्हीखाली एक बुटका, काचेच्या दाराचा फ्रीज असतो ना, तोच मी. लोक मला चोंबडा म्हणतात. म्हणोत बापडे. पण गेल्या जानेवारीत माझ्या चोंबडेपणापायी एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू जायची वेळ आली होती. खरं काय ते फक्त मला माहीत होतं, आणि मला बोलता येत नव्हतं. तेव्हापासून जीव नुसता घुसमटलाय. आज सांगूनच टाकतो.

माझा जन्म कारखान्यातला, कुठल्या देशातल्या ते मलाही धड ठाऊक नाही. शुद्धीवर आलो तो कंटेनरच्या अंधारात, आणि बाहेर पडलो तो थेट न्यूझीलंडला, लिटलटन बंदरात. तिथून ट्रकमध्ये घालून मला नेल्सनच्या पुढे, समुद्रकाठच्या या रिसॉर्टवर आणलं.

इथल्या मालकांनी तरुणपणी कॅरिबियन बेटांवर महिनाभर मुक्काम केला होता. तो महिना काही त्यांच्या डोक्यातून उतरला नाही. म्हणून गवती छपरांच्या झोपड्या बांधल्या, आणि त्यांना म्हणायचं व्हिला. नारळ या थंडीत धरत नाही, तर माडासारखी दिसणारी दुसरीच कुठली तरी झाडं लावली. पूलपाशी दिवसभर पत्र्याच्या पिंपांचं ठणठण संगीत चालू. वेका नावाचा एक तपकिरी पक्षी मात्र अस्सल इथला. कोंबडीसारखा अंगणात हिंडतो आणि पाहुण्यांच्या ताटातले चिप्स पळवतो.

आणि फी? काही विचारू नका! रिसॉर्टमध्ये पाऊल ठेवलंत म्हणून रिसॉर्ट फी. किनाऱ्यावरच्या आरामखुर्चीची फी, तिच्या डोक्यावरच्या छत्रीची निराळी. टॉवेल परत केला नाही तर त्याचे पैसे. लवकर आलात तरी फी, उशिरा निघालात तरी फी. समुद्र तेवढा फुकट, कारण तो मालकांच्या नावावर नाही.

माझं कामही त्यातलंच. पूर्वीचे पाहुणे म्हणे व्होडका पिऊन बाटलीत नळाचं पाणी भरून ठेवायचे. त्यावर तोड म्हणून माझ्या पोटात प्रत्येक बाटलीखाली एक सेन्सर बसवला. बाटली जरा वेळ जागेवरून हलली की ऑफिसात कळतं आणि पैसे खोलीच्या बिलात चढतात. हे सगळं माझ्या डोक्यावरच्या एका कार्डावर छापलेलं आहे, अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत. ते वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, अकरा नंबरात चार माणसं उतरली. अभिनव, ख्राइस्टचर्चमध्ये इंजिनियर, राहायला हॉर्नबीला. त्याची सात वर्षांची मुलगी जुई. आणि चिंचवडहून सहा महिन्यांसाठी आलेले त्याचे आईवडील, मंदाकिनीबाई आणि जनार्दनराव. अभिनवची बायको स्वप्ना हॉस्पिटलात नर्स, तिला रजा मिळाली नव्हती.

आत आल्याबरोबर इतर पाहुणे समुद्राकडे बघतात. मंदाकिनीबाईंनी आधी मला बघितलं.

"अगंबाई, फ्रीज आहे की! बरं झालं."

त्यांच्या पिशवीतून स्टीलचे डबे बाहेर यायला लागले. दशम्या, लसणीची चटणी, मेतकूट, आणि झाकणाला रबर लावलेला दह्याचा डबा. "इथलं ते योगर्ट नुसतं गोड आणि गिळगिळीत," त्या अभिनवला म्हणाल्या. "मी आपली विरजण घेऊनच आलेय."

आता डब्यांना जागा हवी. मग काय, घरच्यासारखं आतलं भराभर बाहेर काढायला सुरुवात! ज्यूस टेबलावर, सोडा टेबलावर. तेवढ्यात व्हिस्कीच्या दोन चिमुकल्या बाटल्या हाताला लागल्या आणि बाई थबकल्या. वळून पाहिलं. अभिनव सामान आत नेत होता. जनार्दनराव अंगणात जुईला वेका दाखवत होते. बाईंनी झटकन माझ्यासमोरचं कपाट उघडलं, जादा ब्लँकेटच्या घडीत त्या बाटल्या खुपसल्या आणि दार लावून घेतलं. मग शांतपणे दह्याचा डबा माझ्यात ठेवला.

मी माझ्या कामाप्रमाणे ऑफिसात कळवून मोकळा झालो. ज्यूस, सोडा, व्हिस्की दोन.

संध्याकाळी आजी-आजोबा नातीला घेऊन वाळूत गेले, तेव्हा अभिनव खिडकीशी उभा राहून स्वप्नाशी फोनवर बोलत होता. नजर सारखी बाहेर. म्हणाला, "हो गं, ठीक वाटतायत. अजून तरी. आई आहे ना जुईबरोबर. हे बघ, मला पण ती आफ्टर-स्कूल केअर नकोय. सोमवारपासून तुझी शिफ्ट बदलणार, बाबांनी तिला शाळेतून आणलं तर कुणाला नकोय? पण तू बघितलेलं नाहीस, मी बघितलंय." त्यानं भुवईवरचा जुना व्रण बोटानं चोळला. "स्कूटरवर पुढे मला उभं केलं होतं. पिऊन. तेव्हा पण आईला म्हणाले, मी घेतलेली नाही. आता बारा वर्षं सोडलीय म्हणतात. मी इथे आल्यावर त्यांनी सोडली, मी कुठे बघितलंय? चार दिवस एका छताखाली आहोत, कळेलच. नाहीतर केअर लावू आणि त्यांची तिकिटं अलीकडची घेऊ."

हे ऐकून माझं गार अंग आणखी गार पडलं. म्हणजे ही सहल नव्हती तर. म्हाताऱ्याची परीक्षा होती, आणि ती चाललीय हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आणि व्हिस्की दोन, हे मी कळवून बसलो होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी जुईला दूध द्यायला अभिनवनं माझं दार उघडलं. व्हिस्कीची जागा रिकामी. त्याचा हात तसाच दारावर राहिला. आईवडिलांच्या खोलीच्या बंद दाराकडे त्यानं एकदा पाहिलं. मला वाटलं, आता हाक मारेल, विचारेल. छे! दूध ओतलं आणि मूग गिळून निघून गेला.

दुपारी साफसफाईवाली बाई आली. तिनं रिकाम्या जागा पाहिल्या, दह्याचा डबा हलकेच एका बाजूला सरकवला आणि सगळं नव्यानं भरलं. व्हिस्कीसुद्धा. रिकामं दिसलं की भरायचं, अशी इथली रीत.

ती गेली आणि जनार्दनराव एकटेच परत आले. "वाळूत बसायच्या खुर्चीला पैसे? येडेत का काय!" असं पुटपुटत त्यांनी चपला काढल्या आणि थंड पाणी घ्यायला माझं दार उघडलं.

दोन बाटल्या त्यांच्यासमोर उभ्या होत्या.

ते हलले नाहीत. मी आजवर कितीतरी हात पाहिलेत, बेफिकीर, चोरटे, हावरे. पण असा हात नाही पाहिला. पुढे आला, थांबला, मागे गेला. कपाळावर घाम. माझ्या आतली हवा सगळी बाहेर चालली होती आणि मी मनातल्या मनात ओरडत होतो, अहो लावा ना दार! शेवटी त्यांनी पाण्याची बाटली न घेताच दार लावलं आणि नळाचं पाणी प्यायले.

संध्याकाळी मंदाकिनीबाईंनी दही बघायला दार उघडलं. नव्या बाटल्या दिसल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे देवा. फोन करून मागवल्या वाटतं ह्यांनी." चेहरा पार उतरला. डोळे पुसले, बाटल्या उचलल्या, पुन्हा ब्लँकेटच्या घडीत घातल्या. पण नवऱ्याला विचारलं? मुळीच नाही. जेवताना उलट त्यांच्या ताटात एक दशमी जास्त वाढली.

आणि मी? व्हिस्की दोन. कळवलं.

तिसरा दिवस तर फारच वाईट गेला. सकाळी फिरायला निघताना अभिनव वडिलांजवळ आला. "बाबा, कॉलर दुमडलीय," म्हणत अगदी तोंडाजवळ वाकला. कॉलर नीटच होती. नाकपुड्या हलल्या ते मी समोरून पाहिलं. जनार्दनराव पुतळ्यासारखे उभे राहिले. मग त्यांनीही मुलाच्या डोळ्यांत निरखून पाहिलं, बराच वेळ. मला तेव्हा कळेना, हे काय शोधतायत.

दुपारी पुन्हा बाटल्या भरल्या गेल्या आणि पुन्हा जनार्दनराव एकटे आले. या खेपेला त्यांनी एक बाटली हातात घेतली. अंगठा झाकणावर गेला. झालं, संपलं सगळं, असं वाटून मी थरथरायला लागलो. तेवढ्यात दारात जुई आली, अंगावर पोहायचे ओले टॉग्ज, पायांना वाळू.

"आजोबा, व्हॉट आर यू डूइंग?"

"काही नाही बाळा." त्यांनी बाटली जागेवर ठेवली. "भूक लागली का गं? दहीभात खाऊ या?"

"सावर दही? नो वे," ती म्हणाली आणि पळाली. जनार्दनरावांनी मात्र खाली बसून डब्यातलं दही वाटीत घेतलं, सकाळचा भात कालवला आणि सगळा संपवला. संध्याकाळी त्या बाटल्याही मंदाकिनीबाईंनी ब्लँकेटात नेऊन ठेवल्या.

मग उजाडला निघायचा दिवस. इथे पाहुण्यांनी बिल भरायला काउंटरवर जायचं नसतं, बिलच खोलीत येतं. ते घेऊन आला वरुण. हा नाशिकचा मुलगा, हॉटेलचं शिकायला इकडे आला आणि इथेच नोकरीला राहिला.

"किया ओरा, सर. नमस्कार काका, काकू. झोप लागली ना नीट?" टॅबलेट समोर धरून त्यानं वाचायला सुरुवात केली. रिसॉर्ट फी. छोटीचा एक टॉवेल परत आला नाही, त्याची फी. मग तो जरा अडखळला. "आणि मिनीबारमध्ये स्वतःचे पदार्थ ठेवल्याची फी, तीस डॉलर."

"दह्याचे पैसे?" मंदाकिनीबाई उसळल्या. "दही माझं, डबा माझा, आणि पैसे मी तुम्हाला द्यायचे?"

अभिनव हसला. वरुणही हसला. "काकू, ते मी काढून टाकतो. ज्यूस आणि सोडा टेबलावर तसेच आहेत, ते पण काढतो. मग राहिली फक्त व्हिस्की. सहा."

पूलपाशी ते ठणठण संगीत वाजत होतं, ते तेवढं ऐकू येत राहिलं.

"सहा," अभिनव म्हणाला. "तीन दिवसांत."

"मी घेतलेली नाही," जनार्दनराव म्हणाले.

"हेच वाक्य ना बाबा? शब्द तरी बदला!"

"डॅड," जुई मध्येच बोलली, "आजोबा ओपन्स द फ्रिज एव्हरी डे. ही जस्ट स्टँड्स देअर."

काय सांगू, त्या क्षणी मला वाटलं, माझी वायर कुणीतरी उपटून टाकावी. पोरगी खोटं बोलत नव्हती. मीही खोटं बोललो नव्हतो. आणि तरी सगळं खोटं झालं होतं. एका हातानं जनार्दनरावांनी खुर्चीची पाठ धरली.

अभिनव चिडला नाही, तेच जास्त भयंकर होतं. थकल्या आवाजात म्हणाला, "राहू दे. सोमवारचं राहू दे. मी केअरला कळवतो. जुई, जँडल्स घाल पायात, चल."

वरुण बिचारा लाल झाला होता. "सॉरी सर, मला वाटलं नव्हतं... म्हणजे रिकामं दिसलं की आमची माणसं रोज भरतात, त्यामुळे आकडा जरा वाढतो."

"रोज भरतात?" मंदाकिनीबाईंनी मान वर केली. "मागवावं लागत नाही?"

"नाही काकू. आपोआप येतं."

"म्हणजे ह्यांनी मागवल्या नव्हत्या?"

बोलून गेल्या आणि पदर तोंडावर दाबला. अभिनव वळला. "आई, काय म्हणतेयस तू?"

बाई उठल्या. कपाट उघडलं, ब्लँकेट ओढलं. घडी सुटली आणि सहाच्या सहा बाटल्या गालिच्यावर पडल्या. एक घरंगळत जनार्दनरावांच्या पायाशी गेली. वरुणनं वाकून एकेक उचलली आणि झाकणं बघितली. एकाचंही सील तुटलेलं नव्हतं.

"बाबा..." अभिनव म्हणाला. पण जनार्दनराव त्याच्याकडे बघतच नव्हते. ते बायकोकडे बघत होते.

"मंदा, तू लपवत होतीस?"

"पहिल्या दिवशी हात आपोआप गेला हो. जुनी सवय. मग रोज नव्या दिसायला लागल्या. मला वाटलं, तुम्हीच..."

"बारा वर्षं झाली मंदा."

"माहितेय मला. चुकले मी."

जनार्दनराव खुर्चीत बसले. "जुई खरं सांगतेय," ते म्हणाले. "मी रोज उघडत होतो. काल तर हातात घेतली होती. परत ठेवली."

"मग बोलला का नाहीत?" अभिनवनं विचारलं.

"काय बोलू? आज प्यायलो नाही, आज पण प्यायलो नाही, असं रोज जेवताना सांगू? आणि संध्याकाळी बघावं तर बाटल्या गायब. मला वाटलं, तू घेतोस. सकाळी तुझे डोळे बघत होतो मी. घाबरलो होतो रे. म्हटलं, पोरगा माझ्यावर गेला."

अभिनव मटकन सोफ्यावर बसला. वरुण हळूच दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

"आणि तू माझा वास घेत होतास," जनार्दनराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. "कॉलरच्या निमित्तानं. मला कळत नाही होय? तुझी आई कितीतरी वर्षं तशीच माझी कॉलर नीट करायची. घे वास. सोमवारपासून रोज घे. तू नसशील तर आईला घ्यायला सांग, मी उभा राहीन गप. मला त्याचं काही वाटणार नाही. पण जुईला मला आणू दे."

अभिनव म्हणाला, "शाळेचं मागचं गेट आहे बाबा. पुढच्या गेटला पार्किंग आहे, तिथे मुलं सोडत नाहीत. तीनला सुटते. जरा उशीर झाला ना, तर ती रडायला लागते."

"अडीचला जाऊन उभा राहतो," जनार्दनराव म्हणाले.

ते सगळे गेले. सोमवारी ते त्या मागच्या गेटशी उभे राहिले की नाही, मला कुठून कळणार? मी आपला इथे टीव्हीखाली. पण राहिले असणार, माझी खात्री आहे. अडीचच्याही आधी.

मी अजून त्याच कामावर आहे. आता माझं दार जरा सैल झालंय आणि पुढच्या हंगामात मला बदलणार आहेत, असं परवा साफसफाईवाली म्हणाली. बदलू देत. माझी तक्रार नाही. या रिसॉर्टची झाडून सगळी बिलं मला पाठ आहेत, आणि ती चुकत नाहीत. पण त्या घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांनी तीन दिवस माझं दार उघडलं आणि बंद केलं, एकमेकांवर संशय घेतला, रात्रभर तळमळले, आणि एकानंही दुसऱ्याला साधं विचारलं नाही. शेवटी ते मला सांगावं लागलं, आणि मी अर्धंच सांगितलं, कारण मला तेवढंच येतं.

म्हणून जाता जाता हात जोडून सांगतो. घरातल्या माणसाबद्दल माझ्यासारख्याकडून कळायची वाट बघू नका. विचारा हो. इथे एकेका गोष्टीची फी लावतात, पण विचारायला अजून कुणी पैसे घेत नाही.